नखांवरचे खड्डे आणि सुजलेले बोट

सोरायसिस आणि सांधेदुखी यांविषयी गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातला गैरसमज मला दवाखान्यात जवळजवळ रोज भेटतो.

प्रश्न : माझे वय 43 असून मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. नऊ वर्षांपासून माझ्या कोपरांवर आणि डोक्यात सोरायसिसचे चट्टे आहेत. थंडीत ते वाढतात, मलमाने कमी होतात. दोन वर्षांपूर्वी हाताच्या चार नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसू लागले. बुरशी समजून मी आठ महिने औषध घेतले, पण उपयोग झाला नाही. आता चार महिन्यांपासून उजव्या हाताची अनामिका मुळापासून टोकापर्यंत सुजली आहे, आणि सकाळी उठल्यावर तासभर तरी बोटे मिटत नाहीत. तपासणीत आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, युरिक अ‍ॅसिड किंचित वाढलेले निघाले. "हा संधिवात नाही, खडू धरून धरून बोट दुखावले असेल," असे मला सांगण्यात आले. त्वचेचा, नखांचा आणि या बोटाचा काही संबंध असेल का?

उत्तर : संबंध असण्याची शक्यता फार मोठी आहे. तुम्ही वर्णन केलेले चित्र सोरायटिक आर्थ्रायटिसचे, म्हणजे सोरायसिसबरोबर येणाऱ्या संधिवाताचे आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान पक्के करता येत नाही, हे खरे. परंतु तुमचे पत्र वाचून मी तुम्हाला आणखी सहा महिने वाट पाहा, असे कधीही सांगणार नाही.

आधी त्या रक्ततपासणीविषयी. आरए फॅक्टर ही सगळ्या संधिवातांची चाचणी नाही. ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात त्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या बहुतेक रुग्णांत हा घटक रक्तात सापडतो, आणि सोरायसिसच्या संधिवातात तो बहुधा सापडत नाही. किंबहुना या चाचणीचा वापर रूढ झाल्यावरच, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, हे दोन आजार वेगळे आहेत हे नीट उलगडले. त्यापूर्वी सोरायसिस असलेल्या माणसाचे सांधे सुजले, तर त्याला योगायोगाने आमवातही झाला आहे, असे समजले जाई. इंग्लंडमधील लीड्सच्या मोल आणि राइट या दोन डॉक्टरांनी 1973 मध्ये या संधिवाताचे पाच प्रकार मांडले आणि त्यांतला एक प्रकार मुख्यतः नखाजवळच्या शेवटच्या सांध्यांचा आहे, हे स्पष्ट केले. पुढे 2006 मध्ये कॅस्पर या नावाने ओळखले जाणारे निकष प्रसिद्ध झाले. सांध्यांत, कण्यात किंवा स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या कंडरांच्या मुळाशी दाह असलेल्या रुग्णाला त्यांत गुण दिले जातात आणि 3 गुण पुरेसे धरले जातात. अंगावर आज सोरायसिस असेल तर 2, नखांत बदल असतील तर 1, संपूर्ण बोट सुजले असेल किंवा पूर्वी सुजले होते अशी वैद्यकीय नोंद असेल तर 1, आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह असेल तर आणखी 1. हे निकष मुळात संशोधनासाठी बनवलेले आहेत, तरीही तुमच्या पत्रात 5 गुण दिसतात, आणि ज्या अहवालाच्या आधारे तुम्हाला घरी पाठवले गेले तो अहवालच त्यांपैकी एक गुण तुमच्या पदरात टाकतो.

आता नखांकडे वळू. नख म्हणजे बोटाच्या टोकावर वरून बसवलेले निर्जीव कवच, अशी आपली कल्पना असते, पण शरीररचना वेगळे सांगते. बोट सरळ करणारी जी कंडरा हाताच्या पाठीवरून पुढे येते, ती शेवटच्या सांध्याला ओलांडून हाडाला चिकटते, आणि तिचे तंतू तिथेच न थांबता नखाच्या मुळाभोवती पसरतात. नख जिथे तयार होते ती जागा आणि ती कंडरा यांच्यात अवघ्या काही मिलिमीटरचे अंतर असते. सोरायसिसच्या संधिवातात दाहाचे एक आवडते ठिकाण म्हणजे कंडरा हाडाला जिथे चिकटते ती जागा. शेजारघरी लागलेल्या आगीची झळ भिंतीपलीकडे लागावी, तसे नखाचे मूळ या दाहात सापडते. म्हणूनच सोरायसिसबरोबर ज्यांचे सांधेही धरले आहेत, अशा सुमारे 80 टक्के रुग्णांच्या नखांत बदल आढळतात, तर नुसता त्वचेचा सोरायसिस असणाऱ्यांत हे प्रमाण साधारण निम्मे असते.

तुमच्या नखांवरचे खड्डे हे त्या बदलांपैकी सर्वांत ओळखीचे. मुळाशी दाह असताना तयार झालेल्या पेशी नीट घट्ट होत नाहीत; नख पुढे सरकले की त्या सुटून पडतात आणि मागे खळगा उरतो. शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे ते खळगे दिसतात. याशिवाय नखाखाली तेलाचा थेंब पसरल्यासारखा पिवळसर-तांबूस डाग दिसणे, नख टोकाकडून सुटून पांढरे पडणे, त्याच्याखाली भुशासारखा थर साचून ते उचलले जाणे, कूस रुतल्यासारख्या बारीक काळपट-लाल रेघा येणे, आणि फार बिघडल्यास नखाचा चुरा होणे, हेही घडते. हाताचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते. याचा अर्थ असा की तुमच्या नखाच्या मध्यावर आज दिसणारा खड्डा दोन-तीन महिन्यांपूर्वी मुळाशी पडलेला आहे. एखाददुसरा खड्डा निरोगी माणसाच्या नखावरही असतो आणि डोक्याला चाई पडलेल्यांच्या नखांवरही खड्डे येतात, त्यामुळे केवळ नख पाहून कोणी घाबरून जाऊ नये. तुमच्या बाबतीत मात्र चार नखे, कोपरांवरचे चट्टे आणि सुजलेले बोट ही सर्व एकत्र बोलत आहेत.

बुरशीचे औषध का लागू पडले नाही, याचे उत्तरही यातच आहे. बुरशीने नख जाड होते, पिवळे पडते, भुगा होते, पण सुबक बारीक खड्डे पडणे हे बुरशीचे लक्षण नव्हे. शिवाय बुरशी हातापेक्षा पायाच्या नखांना अधिक धरते. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून नखाचा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची साधी तपासणी औषध सुरू करण्यापूर्वीच व्हायला हवी होती. आठ महिने गोळ्या घेण्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते.

तुमच्या अनामिकेविषयी एक बाब फार महत्त्वाची आहे. सूज एखाद्या पेरावर नसून मुळापासून टोकापर्यंत आहे, असे तुम्ही लिहिले आहे. डॉक्टर अशा बोटाला सॉसेज डिजिट म्हणतात. मी रुग्णांना वेलची केळ्याची उपमा देतो, म्हणजे चटकन लक्षात येते. यात बोटाचे सांधे तर सुजतातच, पण बोट मिटवणाऱ्या कंडरेभोवतीचे आवरण आणि आजूबाजूच्या मऊ पेशीही सुजतात, त्यामुळे पेरांमधले खळगे भरून निघतात. आमवात दोन्ही हातांची बोटांच्या मुळाजवळची आणि मधली पेरे जोडीने धरतो व शेवटची पेरे बहुधा सोडून देतो. सोरायसिसचा संधिवात मात्र अनेकदा एका हाताचे एकच बोट निवडतो आणि त्याचे सगळे सांधे धरतो, किंवा एका हाताची तर्जनी आणि दुसऱ्या पायाचे चौथे बोट अशी विजोड निवड करतो. खडू धरून दुखावलेले बोट चार महिने असे सुजून राहत नाही, आणि त्याच्यामुळे सकाळचा तासभर आखडलेपणाही येत नाही. विश्रांतीने वाढणारा आणि हालचालीने सैलावणारा आखडलेपणा ही दाहाची खूण आहे. युरिक अ‍ॅसिडचे म्हणाल, तर सोरायसिस असलेल्यांत ते थोडे वाढलेले सापडणे नवलाचे नाही. युरिक अ‍ॅसिड सांध्यात साचून होणाऱ्या गाऊटचा झटका साधारणपणे एका रात्रीत येतो, बोट लालभडक होते, आणि पहिले झटके तरी आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतात.

घाई करा, असे मी का म्हणतो? या आजारात हाड दोन प्रकारे बिघडते: सांध्याच्या कडेला ते कुरतडले जाते आणि त्याच वेळी शेजारी नको तिथे नवे हाड वाढते. वर्षानुवर्षे उपचार न मिळालेल्या काही रुग्णांच्या एक्स-रेमध्ये एक हाड टोकदार पेन्सिलीसारखे झिजलेले आणि पुढचे हाड वाटीसारखे खोलगट झालेले दिसते. हा टोकाचा प्रकार मोजक्यांनाच होतो. पण आयर्लंडमधील एका अभ्यासात, जो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्या लक्षणांनंतर तज्ज्ञाकडे पोहोचण्यास 6 महिन्यांहून अधिक उशीर झालेल्या रुग्णांत सांध्यांची झीज आणि दैनंदिन कामांतील अडचणी अधिक आढळल्या. तुमचे चार महिने उलटले आहेत.

तेव्हा संधिवाततज्ज्ञाची भेट घ्या. ईएसआर आणि सीआरपी हे रक्तातील दाहाचे निर्देशांक नॉर्मल आले तरी भेट रद्द करू नका, कारण या आजाराच्या पुष्कळ रुग्णांत ते नॉर्मल असतात. सुरुवातीचा एक्स-रेही निर्दोष येऊ शकतो. बोटाची सोनोग्राफी केल्यास कंडरेभोवतीची सूज दिसते. टाच दुखते का, कंबर पहाटे आखडते का, डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, हे आठवून ठेवा, कारण तो दाह तिथेही जातो. तोवर बोट गरम तेलाने रगडून चोळू नका आणि कोणाकडून ओढून "बसवून" घेऊ नका. सोरायसिसमध्ये त्वचेला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठतो, हे एकोणिसाव्या शतकात केब्नर या जर्मन डॉक्टरने दाखवून दिले होते, आणि कंडरांच्या बाबतीतही मार व ताण हे दाहाला निमित्त ठरतात, असे मानण्यास आधार आहे. आणि हो, त्या बोटात अंगठी असेल तर ती आजच काढा. निघत नसेल तर सोनाराकडून कापून घ्या.

प्रश्न : मी 29 वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. सोरायटिक आर्थ्रायटिसचे निदान झाले असून डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घेण्यास सांगितले आहे. हे कर्करोगाचे औषध असल्याचे वाचून आईने गोळ्या कपाटात ठेवून दिल्या आहेत. ओळखीच्या एकांनी दिलेल्या पुड्यांनी मात्र चार दिवसांत सूज उतरली. येत्या मे महिन्यात माझे लग्न आहे. मी काय करावे?

उत्तर : आईंची काळजी समजण्यासारखी आहे. मेथोट्रेक्सेट कर्करोगात वापरतात हे खरे, पण तिथे दिली जाणारी मात्रा कितीतरी मोठी असते; संधिवातात आठवड्याला साधारण 10 ते 25 मिलिग्रॅम पुरतात. या घराण्यातल्या औषधाचा सोरायसिसवरील उपयोगही नवा नाही. 1951 मध्ये अमेरिकेत गब्नर आणि सहकाऱ्यांनी मेथोट्रेक्सेटच्या आधीचे अमिनॉप्टेरिन हे औषध सांधेदुखीसाठी देऊन पाहिले, तेव्हा सोरायसिसचे चट्टेही ओसरल्याचे त्यांच्या ध्यानात आले.

यातला खरा धोका वेगळाच आहे, तो म्हणजे आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाण्याचा. त्याने तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून ठरलेला वार पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो घरात आणखी एकाला माहीत असू द्या. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी, सहसा वेगळ्या वारी घ्यायची असते. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या सांगितलेल्या तारखांना करा आणि मद्य टाळा. गुण येण्यास 6 ते 12 आठवडे लागतात. दुसऱ्याच आठवड्यात निराश होऊ नका.

मे महिन्यातील लग्नाचा उल्लेख तुम्ही केलात, हे फार बरे झाले. मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भधारणा होता कामा नये, कारण गर्भात व्यंग येण्याची आणि गर्भपाताची भीती असते. औषध थांबवून साधारण 3 महिने गेल्यावरच मुलाचा विचार करायचा असतो, तोवर खात्रीचे गर्भनिरोधन हवे. तुम्हाला लवकर मूल हवे असेल, तर हे डॉक्टरांना आताच सांगा. सल्फासॅलॅझिनसारखी गर्भारपणात चालणारी औषधे आहेत आणि काही जैविक औषधेही त्या काळात देता येतात. ही चर्चा होणाऱ्या पतीसमोर झाली तर अधिक चांगले; आजार लपवून केलेल्या लग्नानंतर गोळ्याही लपवाव्या लागतात आणि मग त्या चुकतात.

पुड्यांविषयी मी कठोर बोलणार आहे. ज्या भुकटीवर नाव नाही, घटक नाहीत आणि जिच्याने चार दिवसांत सूज उतरते, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी लागते. स्टेरॉइडने सूज झपाट्याने उतरते, यात वाद नाही. परंतु सोरायसिस असलेल्या माणसाने पोटातून घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद केले, तर त्वचा भडकून अंगभर पुवाळ फोड येऊ शकतात आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागते. किती दिवस घेतल्या हे डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगा आणि त्यांच्या देखरेखीखालीच थांबवा.

मेथोट्रेक्सेट पुरेसे न पडल्यास जैविक औषधांचा मार्ग आहे. टीएनएफ या दाह पसरवणाऱ्या रेणूला अडवणाऱ्या एटानर्सेप्टला अमेरिकेत या आजारासाठी 2002 मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर इंटरल्युकिन-17 आणि 23 या तशाच दाहाच्या रेणूंना अडवणारी इंजेक्शने आली. 2014 च्या अखेरीस अ‍ॅडॅलिमुमॅबचे भारतीय बनावटीचे रूप बाजारात आल्याने इथला खर्च उतरू लागला, तरी तो आजही मध्यमवर्गीय घराला जाणवतोच. आपल्या देशात अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात आणि टीएनएफ अडवल्यास ते जागे होऊ शकतात, म्हणून छातीचा एक्स-रे व क्षयाची चाचणी केल्याशिवाय असे इंजेक्शन घेऊ नये.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहीत आहे. वय 66. दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांच्या पेरांवर गाठी आल्या आहेत. नखे स्वच्छ आहेत, त्वचेचा विकार नाही. सकाळी दहा मिनिटे बोटे जड वाटतात. हाही तोच संधिवात का?

उत्तर : बहुधा नाही. या हेबर्डेनच्या गाठी असाव्यात. अठराव्या शतकातील लंडनच्या एका वैद्याचे नाव त्यांना मिळाले आहे आणि त्या वयोमानाच्या झिजेच्या आहेत. दाबून पाहा: झिजेची गाठ हाडासारखी कठीण लागते, दाहाची सूज मऊ आणि गरम असते. आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत जाणे हेही झिजेच्या बाजूचे आहे. शेक, हलका व्यायाम आणि गरजेपुरते वेदनाशामक एवढे पुरते.

एक मात्र करा. "त्वचेचा विकार नाही" असे म्हणणाऱ्या अनेकांना तो असतो आणि ठाऊक नसतो. कानामागे, बेंबीत, नितंबांमधल्या घडीत आणि केसांत घरातल्या कोणाला तरी नीट पाहू द्या. कोंडा म्हणून वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला पापुद्रा सोरायसिसचा निघालेला मी पाहिला आहे. भावंडांत कोणाला सोरायसिस आहे का, हेही विचारा. या संधिवाताच्या साधारण सातांपैकी एका रुग्णात सांधे आधी धरतात आणि चट्टे मागाहून येतात.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहतो आणि तबला शिकवतो. दोन वर्षांपासून सोरायटिक आर्थ्रायटिसवर औषधे चालू आहेत. सांधे बरे आहेत, पण उजव्या तर्जनीचे आणि मध्यमेचे नख टोकाकडून सुटले आहे. रियाज थांबवावा लागेल का? आणि माझ्या हातामुळे शिष्यांना हे लागेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी: नाही. सोरायसिस स्पर्शाने, एकाच तबल्यावर वाजवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही, आणि हे तुम्ही शिष्यांच्या पालकांना निःशंकपणे सांगा. आनुवंशिकतेचा भाग असतो, पण तो रक्ताच्या नात्यापुरता.

किनारीवर तर्जनीचे टोक आपटते तेव्हा नखाच्या पुढच्या कडेला वारंवार धक्का बसतो. नख लांब असेल तर ती कड तरफेसारखी वर उचलली जाते आणि सुटलेला भाग आणखी मागे सरकतो. म्हणून ही दोन नखे सुटलेल्या जागेपर्यंत आखूड ठेवा. तबल्याच्या शाईची काळी पूड साचली म्हणून नखाखाली टाचणी किंवा काडी घालून कोरू नका, कारण त्या इजेनेच सोरायसिस पुढे सरकतो. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी मागे ढकलू किंवा कापू नका. भांडी घासताना, कपडे धुताना आतून सुती असलेले हातमोजे घाला आणि रात्री नखांना व्हॅसलिन लावा.

रियाज थांबवण्याची गरज मला दिसत नाही. सलग दोन तास बसण्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे करा. ज्या दिवशी पेर सुजलेले व गरम असेल, त्या दिवशी वाजवू नका, बोल तोंडाने म्हणा. सांधे शांत असूनही नखे बिघडलेलीच राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञ नखाच्या मुळाशेजारी स्टेरॉइडचे अगदी थोडे इंजेक्शन देतात. ते दुखते, पण दोन नखांसाठी उपयोगी आहे. औषध कोणतेही असो, नवे नख मुळापासून टोकापर्यंत येण्यास सुमारे 6 महिने लागतात. तेव्हा दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, त्याच उजेडात, दोन्ही हातांचा फोटो काढून ठेवा आणि पुढच्या भेटीत तो डॉक्टरांना दाखवा.